कीड मारायचं औषध

डॉक्टरीणबाईंनी नातीच्या दातांवरून दिवा फिरवला, छोटा आरसा आत घालून मागच्या दाढा पाहिल्या, आणि मान वर करून पहिली नजर टाकली ती माझ्यावर. पोरीच्या आईवर नाही, माझ्यावर. दातांच्या दवाखान्यात आज्यांची काय ख्याती आहे, ते मला तेव्हा कळलं.

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"मी." खोटं कशाला बोलू?

"गोड काय काय देता?"

अव बाप्पा! म्हणजे चोर ठरला होता, आता फक्त मुद्देमाल जमा करायचा होता.

नात चार वर्षांची. वरचे पुढचे दात हिरडीच्या कडेला तपकिरी झालेले, आणि खालच्या दोन दाढांना खड्डे. एका खड्ड्यात बाईंनी त्याच दिवशी सिमेंटसारखं काहीतरी भरलं. "दुधाचे दात पडणारच आहेत, असं म्हणून सोडून देऊ नका," त्या म्हणाल्या. "या दाढांनी हिला अजून कितीतरी वर्षं चावायचं आहे. आणि पक्के दात यांच्याच जागेवर यायचे आहेत." बोलणं मऊ होतं बाईंचं, पण शेवटी जे सांगितलं ते काही मऊ नव्हतं. दिवाळीच्या आधी पुन्हा दाखवायला आणा, तोवर कीड पुढे सरकली असेल तर भूल देऊन दोन-तीन दात काढावे लागतील. एवढीशी पोट्टी, तिला भूल!

सून म्हणाली, "पण डॉक्टर, ती दोन्ही वेळा ब्रश करते. स्वतःच्या हातानं करते. ट्यूबही वेळेवर संपते."

"मग खाण्यात बघा," बाई म्हणाल्या, आणि दोघी मिळून माझ्याकडे पाहायला लागल्या. "आणि एवढ्या लहान मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यायचे असतात," असंही त्या उठता उठता बोलल्या, पण ते आम्ही कुणीच कानावर घेतलं नाही. आमची पोरगी स्वतः घासते याचा आम्हा सगळ्यांना भल्लाच अभिमान होता.

आमचं घर पिपरी मेघेला. मुलगा नागपूरला अप-डाउन करतो, सून वर्ध्यात नोकरीला. दोघं गेले की घरात मी, नात आणि माझी शिलाई मशीन. आमचे हे रोज गाडीनं देवळीकडच्या वावरात जातात. कपाशी, म्हणजे आमच्याकडची पऱ्हाटी, आणि सोयाबीन आहे. नात त्यांना आबाजी म्हणते, म्हणून आता घरात सगळेच आबाजी म्हणतात, मी धरून.

त्या संध्याकाळी चहा पिताना सून आवाज न चढवता म्हणाली, "आई, दिवाळीनंतर हिला पाळणाघरात ठेवावं म्हणतोय आम्ही. तिथे खाण्यापिण्याच्या वेळा ठरलेल्या असतात."

सून नाशकाकडची. ती भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, कारण भांडण मला चांगलं जमतं. हे असं इस्त्री केलेलं बोलणं आलं की माझी जीभ अडकते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि आत जाऊन उगाचच एका ब्लाऊजची उसवायची नसलेली शिवण उसवली. पोरगी जन्मल्यापासून माझ्या मशीनच्या आवाजात झोपली आहे. ती आवाज नसला तर जागी होते. तिला पाळणाघरात टाकणार, आणि का, तर आजीनं दात सडवले म्हणून. फार लागलं मला ते.

राग जरा खाली बसला तेव्हा मात्र नवल वाटायला लागलं. दोन्ही वेळा घासलेले दात किडतात कसे? मला चोर ठरवलं तर ठरवलं, पण चोरी झाली कशी ते तरी पाहावं, असं मी ठरवलं. आणि मशीनवर बसल्या बसल्या घरातल्या सगळ्यांच्या तोंडांचा विचार करायला लागले. असा विचार आयुष्यात पहिल्यांदाच करत होते.

माझ्या पुढच्या दाताला खालून एक बारीक खाच आहे. ती दोऱ्याची. दोरा कैचीनं कापायचा सोडून दातानं तोडायची सवय माझ्या आईची होती, तिच्या दाताला अगदी तिथेच खाच होती, आणि मी कैची गळ्यात अडकवून बसते तरी दोरा आपोआप तोंडात जातो. आबाजींचे दात सकाळी निंबाच्या काडीनं घासलेले आणि दुपारपर्यंत खर्र्यानं, त्या तंबाखू-सुपारीच्या चुऱ्यानं, रंगलेले. काडीनं जेवढं कमावतात तेवढं सगळं खर्र्यात घालवतात. सुनेचे दात पांढरे, सरळ. तिच्या वडिलांनी म्हणे रात्री दात घासल्याशिवाय कुणाला अंथरुणावर टेकू दिलं नाही. आमच्याकडे राखुंडी तळहातावर घ्यायची, बोटानं चोळायची, आणि तीही सकाळीच. रात्री दात घासतात हे मला सून घरात आल्यावर समजलं. पहिल्यांदा तिला रात्री ब्रश हातात घेऊन जाताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई या वेळी कुठं चालली बाप्पा?

मग गोडाचा तपास लावला. सुरुवात माझ्यापासून केली, कारण डॉक्टरीणबाईंची ती नजर अजून खुपत होती. सकाळी तूप-साखर लावून पोळीची गुंडाळी, ती मीच देत होते. दुपारी माझ्या चहात टोस्ट बुडवायचा, तोही माझाच उद्योग. पण आबाजींच्या सदऱ्याच्या खिशात काय निघालं? वावरातून येताना दुकानावरून घेतलेल्या आंबटगोड गोळ्या. मुलाच्या बॅगेत नागपूरच्या स्टेशनवरच्या रंगीत पुड्या. आणि सूनबाई स्वतः? दमून यायची, पोरगी झोपेला रडायची, की चॉकलेटची पावडर घातलेलं दूध बाटलीत भरून तोंडात. पोरगी चोखत चोखत झोपायची आणि ते दूध सकाळपर्यंत दातांवर तसंच.

मी हे सगळं एका दमात जेवताना बोलून टाकलं. मुलानं वरणात भात कालवलेला असून पुन्हा कालवला. पण एक सांगते, त्या दिवसानंतर घर सुधारलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, पोळीवर शेंगदाण्याची चटणी आली, गोळ्या बंद, पुड्या बंद. बाटली गेली तेव्हा रडारड झाली, पण तीही निभली. सून दूध कपात द्यायला लागली, तेही जेवणासोबत, झोपताना नाही.

पोळा झाला, गणपती आले, आणि पोरीच्या दातांवरचा तो पिवळा थर काही हलेना. मी रोज तिला मशीनच्या दिव्याखाली मांडीवर आडवं करून पाहायची. दुपारी पाहावं तर दातांच्या फटीत सकाळची पोळी जशीच्या तशी. ब्रश ओला, ट्यूब रोज थोडी दबलेली, आणि दात मात्र घासलेच नसल्यासारखे. कोड्यात पडले मी. घासायला जाताना ती न्हाणीघराचं दार लावून घ्यायची. "माही मीच घासतो. तुमी बाहेर राहा." केवढी शहाणी, म्हणून आम्ही बाहेर राहायचो. सून तर फोनवर माहेरी कौतुक सांगायची.

आणखी एक गंमत होती तिची. सकाळी आई बेसिनपाशी ब्रश करायला लागली की ही पळत येऊन शेजारी उभी राहायची. आईच्या तोंडात फेस जमला की ओरडायची, "थूक न आई, थूक!" आईनं चूळ भरून तोंड पुसेपर्यंत हलायची नाही. आम्ही हसायचो. मुलगा तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचा.

एका सकाळी तिच्या फ्रॉकचं माप घ्यायला मी तिला समोर उभं केलं. हात वर कर म्हटलं. तिनं हात वर केले आणि माझ्या नाकाला स्ट्रॉबेरीचा वास आला. तिच्या त्या गुलाबी पेस्टचा वास. हाताला.

"तोंड उघड बरं," मी म्हटलं.

तोंडाला रात्रीच्या वांग्याच्या भाजीचा वास होता. माप राहिलं बाजूला. दात घासणाऱ्याच्या तोंडाला पेस्टचा वास यावा, हाताला नाही, इथे सगळं उलटं कसं?

"हाताले काय लावलं व?"

"काई नाई." आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी मशीनवर बसले, पण कान न्हाणीघराकडे. मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून मागचं अंगण दिसतं. न्हाणीघराचं अंगणाकडचं दार वाजलं आणि नात हळूच बाहेर आली. हातात ब्रश, ब्रशवर गुलाबी पेस्ट. तिनं दोरीवरचा आबाजींचा रुमाल ओढला आणि नाकातोंडावर बांधला. नीट बसला नाही, तर सोडून पुन्हा बांधला. मग मातीची एक चिमूट उचलून हवेत सोडली, वारा कुठून येतो ते पाहिलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि जास्वंदीपाशी गेली.

त्या पावसाळ्यात आमच्या जास्वंदीला चिकटा लागला होता. फांद्यांच्या बेचक्यात पांढरी, कापसासारखी कीड. पोरगी एकेक फांदी धरून त्या किडीवर ब्रश चालवत होती. वरून खाली, वरून खाली, डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकच्या दातांवर दाखवलं होतं अगदी तसं.

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी मागच्या दारानं बाहेर आले. "काय करून राह्यली व?"

"आजी, दूर राह्य!" ती रुमालाआडून ओरडली. "वारा तुह्याकडे हाये!"

"पन हे हाये तरी काय?"

"औषध हाये. कीड माराचं. आईनं सांगतलं."

"अव, थे तं दाताले लावाचं न!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमच्या दोघींत लहान मीच आहे. "तोंडात गेलं तं मानूस मरते न, आजी," ती म्हणाली.

माझं हसू तिथेच संपलं.

हे असं कसं झालं ते मला अंगणात उभ्या उभ्याच कळलं. फवारणीचे डबे आमच्याकडे मागच्या खोलीत, वर, कुलपात असतात. नात चालायला लागली तेव्हापासून आबाजी तिला त्या खोलीच्या दाराशी नेऊन शिकवतात, अगदी गंभीर चेहरा करून: हे औषध हाये, कीड माराचं. याले हात लावाचा नाई. मोठ्या मानसाले चढते, तुह्यासारख्या लेकराले तं एक थेंब पुरते. बरोबरच शिकवतात. मागच्या साली वावरात फवारताना एका मजुराला असंच चढलं, विष अंगात भिनलं होतं. तोंडाला फेस आला, उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तो बरा होऊन आला, पण पोरीनं फेसाचंच ऐकलं असणार, कारण आम्ही सगळे महिनाभर तेच बोलत होतो.

आणि आमच्या घरात औषध म्हणजे तेवढं एकच. ताप आला की घेतो ती दवाई. खोकल्याची दवाई, पोट दुखण्याची दवाई. मी, आबाजी, माझा मुलगा, आम्ही कुणी गोळीला औषध म्हणत नाही. सून म्हणते. तिच्याकडे तोच शब्द आहे. नवीन गुलाबी ट्यूब आणली तेव्हा तिनं पोरीला जवळ घेऊन प्रेमानं समजावलं होतं, मी ऐकलं होतं: दातांना कीड लागते ना, ती मारायचं हे औषध, हं बाळा. तीही बरोबरच बोलली होती. पोरीनं दोघांचं नीट ऐकलं, दोघांचं मनावर घेतलं, आणि मग आईचंही मोडायला नको म्हणून ते औषध जिथे खरी कीड होती तिथे नेमानं, सकाळ-संध्याकाळ, लावलं.

मी तिला पायरीवर बसवलं. "अव राणी, आई तं रोज लावते न थे. काई झालं का तिले?"

"आई मोठी हाये. तिले हळूहळू चढते," ती म्हणाली. "म्हनून तं मी तिले थुकाले लावतो."

रोज सकाळी ही पोरगी आईचा जीव वाचवायला बेसिनपाशी धावत होती, आणि आम्ही दात काढून हसत होतो.

मी घाईनं तिच्या हातातला ब्रश घेतला. म्हटलं दाखवूनच देऊ. पेस्ट बोटावर घेतली आणि तोंडात घालणार, तोच तिनं किंकाळी फोडली. माझा हात दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. माझं बोट स्वतःच्या फ्रॉकला पुसलं, मग फ्रॉकला लागलं म्हणून आणखी रडली. तिला उराशी धरून मी आत आणलं, फ्रॉक बदलला, तेव्हा कुठे हुंदके थांबले. शब्दानं समजावणं मला जमणार नव्हतं. औषधाच्या बाबतीत या घरात एकाच माणसाचं चालतं.

मी वावरात फोन लावला.

"उघाड पडली हाये, फवारनारे येऊन बसले," आबाजी म्हणाले. "सांजच्याले आलो तं नाई चालत का?"

"नाई चालत," मी म्हटलं. "आताच या."

ते आले तसे मी त्यांना ओसरीतच सगळं सांगितलं. माती सोडून वारा पाहिला हे ऐकल्यावर तर ते मांडीवर थाप मारून हसले. "बरोबर शिकली माही पोट्टी! मानसं नाई पाहात वारा, इनं पाह्यला!" मग मी आईच्या फेसाचं सांगितलं. ते हसायचे थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आत जाऊन नातीसमोर खाली फरशीवर बसले.

"हे पाह्य," ते म्हणाले, "मी सांगतलं थे औषध वेगळं. हे वेगळं."

"यानं कीड मरते न?"

"मरते."

"मंग?"

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मले काऊन पाहाता? औषधाचे मास्तर तुमी."

"दाताची कीड अन् पऱ्हाटीची कीड एक नाई न व," त्यांनी पुन्हा जोर लावला. "दातात अळी नसते. खाल्लेलं सडते, त्याले कीड म्हनते लोकं."

"मंग कीड काऊन म्हनते?"

लोक म्हणतात म्हणून म्हणतात. आबाजींनी डोकं खाजवलं. जन्मात त्यांनी पेस्टला हात लावला नव्हता, तिला ते चोचले म्हणायचे. ते मला म्हणाले, "आन बरं थे."

मी ट्यूब दिली. त्यांनी बोटभर गुलाबी पेस्ट काढली आणि नातीच्या डोळ्यांदेखत दातांवर चोळायला लागले. ती उभीच राहिली. रडली नाही, ओढलं नाही. त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून नुसती पाहत राहिली, ओठ पांढरे पडेपर्यंत आवळून. आबाजींनी सावकाश सगळे दात घासले, चूळ भरली, तोंड पुसलं. "पाह्य, काई झालं का?"

"आता नाई होत," ती म्हणाली. "मागून होते."

हेही त्यांनीच शिकवलं होतं. फवारून आल्यावर लगेच काही वाटत नाही, मागून चक्कर येते.

तेव्हा आबाजी दिवसभर घरीच थांबले. वावरातून फोन येत होते, उघाड जात होती. "आज नाई जमत गा," ते मजुराला म्हणाले. "आज मी मरतो का नाई थे पाहाचं हाये." पलीकडून "काय म्हनता जी?" असं मोठ्यानं ऐकू आलं, आणि मला पुन्हा हसू आलं. पोरीला नाही आलं. ती त्यांना सोडून जेवायलाही उठेना, म्हणून दोघांना एकाच ताटात वाढलं. जेवण झाल्यावर आबाजींचा हात सवयीनं खर्र्याच्या पन्नीकडे गेला.

"थे काय हाये?" तिनं विचारलं.

त्यांनी पन्नी परत खिशात ठेवली.

दुपारी त्यांना डुलकी यायला लागली. उन्हातान्हात काम करणारा माणूस, घरात बसला की पेंगणारच. ते आडवे झाले तर ही त्यांच्या छातीवर कान ठेवून पडली. त्यांचे डोळे मिटले की बोटानं पापणी वर करायची. "आबाजी, झोपू नोको गा. झोपू नोको न." आणि तो माणूस, जो माझ्या माहेरच्या लग्नांत मांडवात बसल्या बसल्या घोरला आहे, तो त्या दुपारी एकदाही झोपला नाही. उठून बसला, तिला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी पुन्हा सांगितल्या, चहा मागितला, पुन्हा चहा मागितला. मी मशीन चालवत होते पण लक्ष सगळं तिकडे. खरं सांगू का, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्या दिवशी माझा नवरा फार आवडला.

संध्याकाळी सून आली. मी तिला फाटकातच गाठलं. दिवसभर मनात एक वाक्य घोळवून ठेवलं होतं, चांगलं टोचणारं, माझ्या साखरेबद्दलचं. पण सगळं सांगता सांगता मी "म्हनून तं मी तिले थुकाले लावतो" इथे आले, आणि सुनेचा चेहरा असा झाला की ते वाक्य मी तिथेच सोडून दिलं. तिनं फाटकाची कडी धरली.

"मीच म्हणाले होते औषध," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणता त्याला?"

"दवाई."

"दवाई," तिनं म्हणून पाहिलं. "मग मला इतक्या वर्षांत टोकलं का नाही कधी?"

"टोकण्यासारखं काय होतं त्यात? समजत होतं आम्हाला."

आम्हाला समजत होतं, हे खरं होतं. तिसऱ्या कुणाला समजायचं राहून गेलं होतं. सुनेनं खांद्यावरची पर्स काढून हातात घेतली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या होत्या मोठ्यांनी घासून द्या म्हणून. रात्री मी घासून देत जाईन. सकाळी माझी घाई असते. सकाळी तुम्ही द्याल ना, आई?"

"देईन की," मी म्हटलं. पाळणाघराचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. पण छाती हलकी झाली माझी.

जेवणं झाल्यावर आम्ही न्हाणीघरात जमलो, चौघंही, दार उघडं ठेवून. मुलगा अजून गाडीत होता. सुनेनं ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेतली आणि खाली उकिडवी बसली. "हे औषध नाही," ती म्हणाली, "हे मंजन आहे." आमचा शब्द तिच्या तोंडी नवीन होता, जपून उच्चारला तिनं. आबाजी दाराशी उभे होते, चांगले धडधाकट, दिवसभराच्या जागरणानं डोळे तेवढे लाल.

नातीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. जवळ जाऊन त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. मग आईच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिचा हिशेब अजून मिटलेला नाही. आबाजी मोठे आहेत. लेकराला एक थेंब पुरतो.

"नको असेल तर राहू दे आज," सून म्हणाली.

पोरीनं मान हलवली. नको नाही, घासायचे. मला हातानं खुणावून खाली वाकवलं, माझ्या कानाला तोंड लावलं, आणि तिला वाटलं ती हळू बोलते आहे.

"आजी व, मी मेली तं आईले सांगजो. आज मी खरंखुरं घासले म्हनून."

मग ती आईपुढे जाऊन उभी राहिली, डोळे घट्ट मिटले, आणि आ केला. सून ब्रश हातात धरून तशीच बसून होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.